बेटवाल्यांसाठी अनवाणी

“निघाली ना चिठ्ठी? मंग झालं.”

एवढं म्हणून भाऊ दोन्ही तळहात एकमेकांवर आपटून झटकायचे. पंगत उठल्यावर सतरंजी झटकतात तसे. त्यानंतर त्या विषयावर त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी पुष्कळदा बोललो आहे, म्हणून सांगतो.

पुलगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाऊंचं बिछायत केंद्र होतं. मांडव, खुर्च्या, सतरंज्या, गंज, कढया; बारशापासून तेरवीपर्यंत जे लागेल ते भाड्यानं. समोर माझं झेरॉक्सचं दुकान, आणि मधे रस्त्याच्या कडेला पानठेला. भाऊ कुणालाच नावानं हाक मारत नसत, धंद्यावरून मारत. मी झेरॉक्स. पानठेलेवाला चुना. आयुष्यभर त्यांनी माझं नाव घेतलं नाही, म्हणून मीही इथं त्यांचं घेत नाही. फिट्टंफाट.

देवावर भाऊंचा विश्वास बेताचा होता, पण चिठ्ठीवर गाढ. एकदा वॉर्डाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि समोरच्याला नि त्यांना सारखीच मतं पडली. मग ईश्वरचिठ्ठी. गंजात दोन चिठ्ठ्या टाकल्या, गंज भाऊंचाच. निघाली समोरच्याची. आम्ही सगळे हळहळलो. भाऊंनी फक्त एवढंच सांगितलं, “दुसरी बी उघडा. दोन्ही उघडल्याबिगर चिठ्ठी खरी नाई होत.” दुसरी उघडली, तिच्यावर स्वतःचं नाव आहे हे चष्मा लावून पाहिलं, हात झटकले आणि जिंकलेल्याच्या मिरवणुकीसाठी खुर्च्या मोजून द्यायला निघून गेले. मला रात्रभर झोप नाही आणि भाऊ घोरत होते, असं वहिनी म्हणाल्या.

“अरे, बायको बी चिठ्ठीतच निघाली माही,” असं ते चारचौघांत सांगायचे.

“हो, आन् फसली,” आतून वहिनींचा आवाज यायचा.

आता त्या बेटाकडे येतो. फुटबॉलचा वर्ल्डकप सुरू व्हायचा होता. आमच्याकडे फुटबॉल कुणी खेळत नाही, पण वर्ल्डकपात बोलायला सगळेच. पानठेल्यावर ठरलं की एकेका देशाची चिठ्ठी टाकायची, ज्याला जो देश निघेल तो त्याचा. ज्याचा देश आधी बाहेर पडेल त्यानं सगळ्यांना तर्री-पोहे खिलवायचे. माणसं जमली आणि लक्षात आलं की आम्हाला ठाऊक असलेले देश लिहून झाले तरी एक कमी पडतो. चुना माझ्या दुकानात आला. भिंतीवर जगाचा नकाशा होता, शाळेच्या पोरांसाठी विकायला ठेवलेला. त्यानं कात्थ्याचं बोट निळ्या भागात कुठंतरी टेकवलं, बोटाखाली जे नाव सापडलं ते लिहून घेतलं आणि गेला. कात्थ्याचा तो डाग अजून माझ्या नकाशावर आहे. बेटापेक्षा डाग मोठा आहे.

कुणाला ब्राझील, कुणाला अर्जेंटिना. भाऊंना ते बेट.

नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच मोबाईल काढाल, आणि एकदा का त्या बेटवाल्यांत शिरलात की तुमचंही आमच्यासारखं होईल. पॅसिफिक महासागरात आहे, एवढं पुरे.

“भाऊ, हे तर वर्ल्डकपातच नाहीत,” मी म्हटलं. “बदलून घ्या. गंमत होती ती.”

“काऊन बदलू? निघाली ना चिठ्ठी? मंग झालं.”

तर्री-पोहे त्यांनी त्याच दिवशी खिलवले. बाकीच्यांचे देश महिनाभरानं विसरले गेले. भाऊंचा देश मात्र राहिला तो राहिलाच.

रोज सकाळी मी शटर वर करतो न करतो तोच भाऊ हजर. “का हो झेरॉक्स, उघडा न कॉम्प्युटर. आपले काय करून राह्यले, पाहा.” आपले! मी चिडायचो. लोक आधार कार्ड घेऊन रांगेत उभे, आणि मी समुद्रातल्या कुठल्याशा बेटाची बातमी शोधतोय. पण शोधायचो. त्याचं कारण असं, की जे सापडायचं ते माझ्याही कल्पनेबाहेरचं असायचं.

त्यांच्याकडे एकच सपाट जागा, ती म्हणजे विमानतळाची धावपट्टी. तिथंच सराव. विमान यायचं झालं की भोंगा वाजतो. मग खेळाडू गोलाचे खांब उचलून कडेला पळतात आणि विमान गेलं की पुन्हा रोवतात. भाऊंना यात काही विचित्र वाटलं नाही. “आपल्या इकडं फाटक पडते, तिकडं इमान पडते,” ते म्हणाले. मग स्वतःच दचकून म्हणाले, “उतरते.”

एकदा बॉल समुद्रात गेला आणि मॅच तिथंच संपली, कारण तेवढाच बॉल होता. एकदा लहान विमानात सगळे मावले नाहीत म्हणून गोलकीपर बोटीनं निघाला आणि मॅच होऊन गेल्यावर पोचला. त्या दिवशी आपल्यांनी किती गोल खाल्ले ते विचारू नका. गोलकीपर मुळात पोलीस. कोच त्याच्याच ठाण्यात त्याच्या हाताखाली. म्हणजे मैदानावर कोच ओरडणार आणि सोमवारी गोलकीपर त्याला ड्युटी लावणार. आजवर मॅच एकही जिंकली नव्हती, बरोबरीसुद्धा नाही. भाऊंचा हिशेब वेगळा असायचा. “मांगच्या टायमापेक्षा कमी खाल्ले,” असं म्हणून ते त्या दिवशी चहा पाजायचे.

बेटाचा झेंडा त्यांनी शिंप्याकडून शिवून आणला आणि प्रत्येक मांडवाच्या दर्शनी खांबाला लावायला लागले. लग्नात वरपक्षाला वाटायचं वधूपक्षाचा असेल, वधूपक्षाला वाटायचं वरपक्षाचा. आचारसंहितेच्या काळात एका मांडवात पथक आलं. साहेबांनी झेंड्याकडे बोट दाखवून विचारलं, “हा कोणत्या पक्षाचा?”

“पक्षाचा नाई साहेब. देशाचा होय.”

“कोणत्या देशाचा?”

भाऊंनी सांगायला सुरुवात केली. भोंगा, विमान, बोट, पोलीस. साहेब थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “झाकून ठेवा. कशाला कटकट?” लग्न लागेपर्यंत झेंड्याला उशीची खोळ घातलेली होती.

पोळ्याला तर कहर केला. तोरणाखाली बैल उभे, आणि शेतकरी एकामागून एक झडत्या म्हणतात, दोन ओळींच्या, वरच्या पट्टीत. भाऊंकडे बैल नाही, पण तोरण त्यांचं. त्या जोरावर पुढे आले आणि ओरडले,

“निळ्या पान्यात पिवळी वाळू,
आपले हरले तरी आपन नाई पळू!”

आणि सवयीनं साऱ्या गर्दीनं “हर हर महादेव” म्हटलंसुद्धा. एवढा पाठिंबा त्या बेटाला त्यांच्या स्वतःच्या बेटावर मिळाला नसेल. तिथं एवढी माणसंच नाहीत.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढचं नाही.

एका सकाळी मी त्यांना जुनी बातमी वाचून दाखवली. फार पूर्वी एका स्पर्धेत आपल्या टीमचे बूट जहाजानं यायचे होते. जहाज लेट झालं. पोरं अनवाणी खेळली, पाय सोलवटून घेतले, हरली, आणि दुसऱ्या दिवशी बूट आले. मला हसू आलं. भाऊ हसले नाहीत. उठले, पायातल्या चपला काढून माझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवल्या.

“पोरं बिना बुटाचे खेळले, आन् मी इथं खुर्ची मांडायले चप्पल घालू? आपले जिंकेपर्यंत नाई घालत.”

“भाऊ, ते कधी जिंकतील?”

“जिंकतीन तवा घालीन.”

त्यांच्या आईनं असाच नवस केला होता, ते मॅट्रिक पास होईपर्यंत चप्पल न घालण्याचा. तिला बरीच वर्षं अनवाणी चालावं लागलं, हे भाऊ स्वतःच हसत सांगायचे. पण आईचं ठीक. भाऊंना शुगर होती. आणि आमचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं, आणि लग्नसराई तेव्हाच. लोखंडी खांब, पत्रे, उलटे पडलेले खिळे, यांत हा माणूस उड्या मारत फिरायचा. वहिनींनी मोच्याकडून चामड्याची नवीकोरी चप्पल शिवून आणली. बघून तरी मोह होईल म्हणून. भाऊंनी ती पिशवीत घालून दारामागच्या खिळ्याला टांगली. “जिंकल्यावर घालतो. तुह्या हातानंच काढून देजो,” म्हणाले.

त्या दिवसापासून गल्लीत त्या टीमची सगळ्यात मोठी चाहती म्हणजे वहिनी. ज्या बाईला बॉल गोल असतो यापलीकडे काही ठाऊक नव्हतं, ती दसऱ्याला तराजू-हातोडीच्या शेजारी त्या टीमचा माझ्याकडून लॅमिनेट केलेला फोटो मांडून हळदीकुंकू वाहायला लागली. “आवो भाऊजी,” मला विचारायची, “एखांदी कच्ची टीम नाई का, याइच्याहून कच्ची? तिच्यासंग लावून द्या न मॅच.” जसं काही मॅचेस माझ्या दुकानातूनच लागतात.

एकदा मांडवातला खिळा पायात गेला. जखम भरेना. दोन महिने लंगडत होते, मोजे घालून लपवत होते. तेव्हा वहिनी मला हळूच म्हणाल्या, “भाऊजी, खोटं सांगून द्या न एक डाव. जिंकले म्हना.”

मी दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडभर हसून सांगितलं, “भाऊ! जिंकले! एक-शून्य!”

ते खुर्चीतून अर्धे उठले. चेहरा एकदम उजळला. “कोनं मारला गोल?”

मला एकच माणूस आठवला. “त्या पोलिसानं.”

“तो त गोलकीपर होय.”

प्रिंटर तेवढा घरघरत होता. भाऊ पुन्हा बसले. रागावले नाहीत, तेच वाईट. “झेरॉक्स,” म्हणाले, “तुमी झेरॉक्सच काढत जा.”

शेवटी बोट काळं पडलं तेव्हा सावंगीच्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर होतो. डॉक्टरीण लेकीच्या वयाची. तिनं विचारलं, “काका, चप्पल का नाही घालत?” चूक झाली तिची. भाऊंनी बेटाच्या टीमचा अथपासून इतिहास सांगितला. बाहेर रांग खोळंबली, आत भोंगा वाजला, विमान उतरलं, गोलकीपर बोटीतून आला. पोरगी मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, “छान आहे हो काका. पण आता हे बोट काढावं लागेल. आणि चप्पल नाही घातली, तर पुढं पाऊल.” आणि वहिनींकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “मग गुडघ्यापर्यंत जाईल, काकू. मी घाबरवत नाही, खरंच सांगते.”

बोट काढलं. शुद्धीवर आल्यावर भाऊ पट्टीकडे बघून म्हणाले, “एकाले लाल कार्ड भेटलं. आता बाकीच्यायले सांभाळून खेळा लागन.”

मी हसलो. वहिनी नाही हसल्या. बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून रडल्या. “पाय गेला त हा मानूस मरते, भाऊजी,” म्हणाल्या. “मांडवात उभं राह्यल्याबिगर याइले जेवन नाई जात. आन् आयकत त कोनाचंच नाई.”

कोणाचंच नाही, हे खरं नव्हतं. चिठ्ठीचं ऐकायचे. हे वहिनींनाही तिथंच, व्हरांड्यात सुचलं असावं, कारण एकदम रडायच्या थांबल्या.

भाऊ घरी आल्यावर आठवड्याभरानं, संध्याकाळच्या वेळी, वहिनी बिछायत केंद्रात लोटा घेऊन आल्या. मी आणि चुना भाऊंच्या शेजारी बसलो होतो.

“दोन चिठ्ठ्या आहेत,” वहिनी म्हणाल्या. “एकीवर ‘घाल’, एकीवर ‘नोको घालू’. काढा.”

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं, लोट्याकडे पाहिलं. “चिठ्ठीले नाई म्हनता येत नाई,” असं पुटपुटले आणि हात घातला. चिठ्ठी उघडली.

‘घाल.’

वहिनींनी डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो. पण चुना! काही माणसं नको तिथं कायदा पाळतात. तो म्हणाला, “भाऊ, दुसरी बी उघडा. तुमीच त सांगतलं होतं निवडनुकीत. दोन्ही उघडल्याबिगर चिठ्ठी खरी नाई.”

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. मी चुन्याच्या पायावर पाय दिला. तो म्हणाला, “पाय काऊन देऊन राह्यले?”

भाऊंनी लोट्यातून दुसरी चिठ्ठी काढली. बोटांत धरली. वहिनींच्या त्या पदराकडे जरा वेळ बघितलं. आणि चिठ्ठी तोंडात टाकली. तोंडात सुपारी होतीच, तिच्यासकट चावली, चावली आणि गिळली.

“अरे! भाऊ!” चुना ओरडला.

“निघाली ना चिठ्ठी? मंग झालं.”

या वेळी त्यांनी हात झटकले नाहीत. एका हातानं, बसले होते त्या लाकडी तक्तपोसाखाली, दवाखान्यातून आणलेली मऊ रबरी चप्पल चाचपत होते. दुसऱ्या चिठ्ठीवर काय होतं हे तुम्हाला कळलं, मला कळलं. चुन्याला अजून कळलेलं नाही. अधूनमधून तो मला विचारतो.

चामड्याची चप्पल मात्र खिळ्यालाच राहिली. “हे रबरी म्हनजे औषध होय,” भाऊ म्हणायचे. “चप्पल ते तिकडं टांगली आहे. ते जिंकल्यावर.”

पाय वाचला. भाऊंनी त्यानंतर कितीतरी लग्नं उभी केली, प्रत्येक खांबाला झेंडा लावून. आपले हरत राहिले. पण एकदा फक्त तीनच गोल खाल्ले तेव्हा भाऊंनी अख्ख्या गल्लीला जिलेबी वाटली, स्वतः शुगरमुळे नुसती पाहत बसले. मग गेल्या हिवाळ्यात एका दुपारी खुर्च्या रचता रचता एका खुर्चीवर बसले, ते बसलेच. हार्ट. त्यांच्या तेरवीचा मांडव त्यांच्याच गोदामातून निघाला. खांबाला झेंडा लावायचा की नाही, यावर पाहुण्यांत कुजबूज झाली. वहिनींनी स्वतः स्टुलावर चढून लावला.

सकाळी शटर उघडताना मी अजूनही रस्त्याकडे बघतो. कोणी नसतं. रांगेतली माणसं म्हणतात, लवकर करा. मी तरी आधी बेटवाल्यांचं काय झालं ते बघतो आणि मगच आधार कार्ड. सवय लागली, दुसरं काय.

आणि परवा सकाळी बघतो तर जिंकलेले.

मी तीनदा वाचलं. एक-शून्य. आपले. मी रांग तशीच सोडून रस्ता ओलांडून धावत गेलो. या वयात धावतो म्हणजे बघा. वहिनी भांडी मोजून कुणाला तरी देत होत्या.

“वहिनी! जिंकले! देवाशपथ जिंकले!”

त्यांनी माझ्याकडे बारीक नजरेनं पाहिलं. माझं एकदाचं खोटं गल्लीला माहीत आहे. “कोनं मारला गोल?”

“कोणीच नाही. म्हणजे समोरच्याच माणसानं मारला. चुकून स्वतःच्याच जाळीत.”

असलं खोटं कुणाला सुचणार नाही, हे वहिनींना पटलं असावं. त्या मट्‌कन सतरंजीच्या गठ्ठ्यावर बसल्या. आधी हसल्या, इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला, आणि मग तो पदर बराच वेळ काढला नाही. मी आपला उभा. आठ-दहा महिने, हो, आठ-दहा महिने थांबता आलं नाही का त्या माणसाला!

थोड्या वेळानं वहिनी उठल्या. दारामागची पिशवी काढली. चामड्यावर बुरशीचा पांढरा थर आला होता, तो पदरानं पुसला.

मला राहवलं नाही. म्हटलं, “वहिनी, एक विचारू? त्या दिवशी ती दुसरी चिठ्ठी... भाऊंना कळलं होतं?”

“याइले नाई कळन?” वहिनी चप्पल पुसत म्हणाल्या. “आमच्या लग्नाच्या टायमाले दोन पोरी पाह्यल्या होत्या. मामंजीनं याइलेच चिठ्ठ्या लिहाले लावल्या, अक्षर बरं म्हून. माही निघाली. मामंजी म्हनले, दुसरी दाखव. त याइनं गिळून टाकली. सासूबाई मरेपर्यंत हसत होत्या.”

“म्हणजे दोन्हीवर तुमचंच...”

“मले काय माहीत, भाऊजी?” वहिनी म्हणाल्या. “निघाली ना चिठ्ठी? मंग झालं.”

त्यांनी दोन्ही तळहात आपटून झटकले. चप्पल खाली ठेवली आणि तिच्यात स्वतःचे पाय घातले. केवढी तरी मोठी होत होती. बोटांनी घट्ट धरून, फटक फटक वाजवत त्या रस्ता ओलांडून पानठेल्याकडे निघाल्या, चुन्याला सांगायला.